लॉवेलच्या गिरण्या: अमेरिकेचा इतिहास कापसाच्या गाठीपासून

अमेरिकेचा इतिहास पाहायला बॉस्टनला येणारे बहुतेक जण ऐतिहासिक स्थळे जोडणाऱ्या फ्रीडम ट्रेलची लाल रेषा धरून चालतात, चहाच्या पेट्या जिथे समुद्रात पडल्या ते बंदर पाहतात आणि परततात. त्या वाटेवर राजकारण भरपूर भेटते. पण राजकारण, पैसा आणि माणसांचे रोजचे जगणे एकमेकांत गुंतलेले पाहायचे असेल, तर उत्तरेला पंचवीसेक मैलांवरच्या लॉवेलला जावे. अमेरिकेत इतिहास शिकणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला मी हे शहर आधी सांगतो.

लोकल सुटते ती बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून. विमानतळावरून येणारी मंडळी हमखास साऊथ स्टेशनला उतरतात, आणि त्या दोन स्थानकांमध्ये थेट रेल्वे नाही. मेट्रो बदलावी लागते, त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवा. पुढचा प्रवास पाऊण तासाचा. शनिवार-रविवारी गाड्या विरळ असतात, म्हणून परतीची वेळ जातानाच पाहून ठेवावी. लॉवेल स्थानकापासून मार्केट स्ट्रीटवरचे नॅशनल पार्कचे स्वागतकक्ष पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. नकाशा तिथेच मिळतो. कालव्यांतल्या बोटफेऱ्या फक्त उन्हाळी हंगामात असतात, आणि संग्रहालयाच्या वेळाही ऋतूप्रमाणे बदलतात. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये अमेरिकन टेक्स्टाइल हिस्टरी म्युझियमचे नाव अजून सापडते. ते २०१६ साली कायमचे बंद झाले.

स्वागतकक्षातून लोक थेट बूट (Boott) मिल या जुन्या कापडगिरणीतल्या संग्रहालयाच्या यंत्रमागांकडे धावतात. मी क्रम वेगळा सांगेन: आधी पाणी, मग माग, मग माणसे आणि शेवटी कापूस.

मेरिमॅक नदी इथे पॉटकेट धबधब्यावर सुमारे ३२ फूट खाली येते. हे शहर वसले ते या उतारामुळे. १७९६ साली धबधबा टाळून लाकूड वाहून नेण्यासाठी एक कालवा खणला होता. १८०३ मध्ये मिडलसेक्स कालवा थेट बॉस्टनकडे सुरू झाला आणि या जुन्या कालव्याची मिळकत आटली. १८२० च्या दशकात बॉस्टनच्या भांडवलदारांनी तो पडलेला कालवा, धबधब्याचा हक्क आणि आजूबाजूची शेते विकत घेतली, नवे कालवे काढले आणि पाणी भाड्याने द्यायला सुरुवात केली. आज या कालव्यांची लांबी साडेपाच मैलांच्या वर भरते.

भाड्याचे माप होते 'मिल पॉवर'. ३० फुटांवरून पडणारे, दर सेकंदाला २५ घनफूट पाणी म्हणजे एक मिल पॉवर. ३,५८४ चात्या (सूत कातणारे फिरते दांडे) आणि त्यांच्या सुतावर चालणारे माग हाकायला एवढे पाणी लागते, असा हिशोब त्यामागे होता. नदीचे असे तुकडे पाडून कंपन्यांना विकता येतात, ही कल्पना इथे पुरती रुजली. अमेरिकी भांडवलशाहीवर चार व्याख्याने ऐकण्यापेक्षा कालव्याच्या काठावर हे एक माप समजून घेणे मला मोलाचे वाटते.

पाण्याने त्रासही पुष्कळ दिला. वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की गिरणीखालच्या मोरीत पाणी मागे चढे. पडण्याची उंची कमी होई, लाकडी चाक खालून बुडे आणि जड होऊन मंदावे. भरपूर पाणी असताना माग बंद ठेवण्याची पाळी येई. कालव्यांचे मुख्य अभियंता जेम्स फ्रान्सिस यांनी १८४० च्या दशकात टर्बाइन सुधारले त्याला हे कारण होते, कारण बुडालेले टर्बाइनही चालते. जगभरच्या जलविद्युत केंद्रांत फिरणारे फ्रान्सिस टर्बाइन ते हेच.

फ्रान्सिस यांचे दुसरे काम पाहायला थोडे लांब, कालव्याचे पाणी अडवणाऱ्या गार्ड लॉक्सपर्यंत चालत जा. कालव्याच्या तोंडावर पंचवीस फूट उंचीचा लाकडी दरवाजा त्यांनी १८५० मध्ये टांगून ठेवला. एवढा मोठा पूर कधी येणार, म्हणून लोक त्याला 'फ्रान्सिसचा खुळेपणा' म्हणत. १८५२ च्या एप्रिलमध्ये पूर आला. दरवाजा ज्या लोखंडी पट्टीवर लटकत होता ती छिन्नीने तोडली, दरवाजा खाली कोसळला आणि शहर वाचले. १९३६ च्या महापुरातही हाच दरवाजा कामी आला. आडव्या-उभ्या तुळया, जाड फळ्या, वरची टांगण्याची जागा, सारे जवळून दिसते. वर-खाली करायची यंत्रणा त्यात नाहीच, फक्त पडायची आहे.

आता बूट मिल. तळमजल्यावरच्या मागखात्यात शिरण्यापूर्वी कानात घालायचे बोळे देतात, ते घ्याच. ऐंशीहून अधिक यंत्रमाग इथे मांडलेले आहेत. एका वेळी त्यांतले थोडेच चालवतात, तरी पायाखालची जमीन थरथरते. एका मागासमोर थांबून आडवे सूत वाहून नेणारा धोटा पाहा. तो ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुतांच्या, दोन थरांमधून झपकन पलीकडे जातो, फणी बाणा (आडवे सूत) ठोकते, धोटा परत येतो. उजव्या-डाव्या बाजूला एक गोल चकती दिसेल, तिच्यात सूत गुंडाळलेल्या कांड्या खोचलेल्या असतात. धोट्यातली कांडी संपली की चकतीतली नवी कांडी हातोडीसारख्या दांड्याने वरून दाबली जाते, रिकामी खाली पडते आणि माग थांबतही नाही. ही १८९० च्या दशकातली सुधारणा. तिच्यामुळे एका विणकराकडे कितीतरी जास्त माग सोपवता आले.

इथे एक घोटाळा होतो. लोकांना हे माग सुरुवातीच्या काळातले वाटतात, पण ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहेत. सुरुवातीच्या गिरणीकामगार मुली दोन माग सांभाळत, पुढे १८४० च्या दशकात तीन-चार. जुन्या धोट्यात नवी कांडी बसवली की सुताचे टोक तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावे लागे. एकाचा धोटा दुसरा ओढणार, त्यातून क्षयासारखे आजार पसरत. मॅसॅच्युसेट्सने या पद्धतीवर १९११ मध्ये बंदी घातली. सूत कोरडे पडले तर तुटते, म्हणून हवा दमट ठेवायची आणि खिडक्या बंद. हवेत कापसाची तूस. गिरणगावात ज्यांच्या घरी साचेखात्यातला माणूस होता त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या मागांची कल्पना आणली फ्रान्सिस कॅबट लॉवेल यांनी. १८१०-१२ मध्ये ते ब्रिटनमध्ये होते आणि गिरण्या डोळ्यांत साठवून परतले, कारण यंत्रे व त्यांचे आराखडे बाहेर नेणे तिथे गुन्हा होता. पॉल मूडी या कारागिरासोबत त्यांनी १८१४ मध्ये वॉल्टम इथे कातण्यापासून विणण्यापर्यंतचे काम एका छताखाली आणले. १८१७ मध्ये ते वारले, त्यांच्या नावाचे शहर त्यांनी पाहिले नाही.

त्यांचे राजकीय काम मात्र संग्रहालयात पटकन नजरेत भरत नाही, आणि आपल्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. १८१६ च्या जकात कायद्यासाठी लॉवेल वॉशिंग्टनला गेले. आयात सुती कापडावर २५ टक्के जकात बसली, पण खरी मेख पुढे होती: चौरस यार्डाला २५ सेंटपेक्षा स्वस्त कापडही २५ सेंटचेच समजायचे. म्हणजे कमीत कमी सव्वासहा सेंट जकात. कापड जितके स्वस्त, तितका तिचा बोजा जास्त. हे कलम भारतातून येणाऱ्या स्वस्त जाड्या कापडावर नेमके बसले. वॉल्टमच्या गिरणीत तसलेच जाडे कापड निघत होते. भारतीय कापडाची अमेरिकेतली बाजारपेठ त्यानंतर आटली. या जकातीला दक्षिण कॅरोलायनाच्या जॉन कॅल्हून यांनी तेव्हा पाठिंबा दिला होता. तेच कॅल्हून पुढे जकातीचे कट्टर विरोधक झाले आणि १८३२ मध्ये त्यांच्या राज्याने केंद्राचा जकात कायदा रद्दबातल ठरवण्यापर्यंत मजल मारली. उत्तर-दक्षिण वादाची गाठ इथून सोडवत गेले तर खूप गोष्टी उलगडतात.

बूट मिलच्या शेजारी बोर्डिंग हाऊस आहे. न्यू इंग्लंडच्या शेतकरी कुटुंबांतल्या मुली इथे राहून गिरणीत काम करत. एका खोलीत चार ते आठ जणी, एका पलंगावर दोघी, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च. घर चालवणारी बाई बहुधा विधवा असे. गिरणगावातल्या खानावळवाल्या बाईशी तिचे साम्य आहे, फरक इतकाच की इथे घर कंपनीचे आणि नियमही कंपनीचे. उन्हाळ्यात पहिली घंटा पहाटे साडेचारला. आठवड्याचे तास साधारण ७३. मजुरीतून राहण्या-जेवण्याचे आठवड्याला सव्वा डॉलरच्या आसपास कापून जात.

१८३४ मध्ये मजुरी कापली तेव्हा सुमारे ८०० जणी गिरणीबाहेर पडल्या, आणि तो संप फसला. १८३६ मध्ये जेवणाखाण्याचे पैसे वाढवले तेव्हा दीड हजारांहून अधिक बाहेर पडल्या, आणि वाढ बऱ्याच ठिकाणी मागे घ्यावी लागली. १८४५ मध्ये सेरा बॅगली आणि तिच्या सहकारिणींनी दहा तासांच्या दिवसासाठी राज्याच्या विधिमंडळापुढे साक्षी दिल्या. समितीचा अध्यक्ष होता लॉवेलचाच वृत्तपत्रवाला विल्यम स्कूलर. समितीने तासांचा प्रश्न कबूल केला, पण कायदा करायला नकार दिला. मताचा अधिकार नसलेल्या या मुलींनी त्याच्याविरुद्ध प्रचार केला आणि पुढच्या निवडणुकीत तो पडला. स्त्रियांसाठी दहा तासांचा कायदा यायला १८७४ उजाडले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये. दोन्ही लढे शेजारी ठेवून अभ्यासावेत.

आणि कापूस. तो दक्षिणेतून येई: न्यू ऑर्लीन्स, मोबील, चार्ल्स्टन या बंदरांतून जहाजाने बॉस्टनला, १८३५ नंतर रेल्वेने लॉवेलला. तो पिकवणारे, वेचणारे गुलाम होते. इथल्या जाड्याभरड्या कापडाचा एक हिस्सा परत दक्षिणेत, त्याच गुलामांच्या अंगावर जाई. चार्ल्स सम्नर यांनी १८४८ मध्ये 'चाबकाचे धनी आणि मागाचे धनी' यांच्या युतीवर बोट ठेवले ते यामुळे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. ज्या व्यवस्थेविरुद्ध ते लोक लढले तिचा ताळेबंद या गिरण्यांत आहे. यादवी युद्ध पेटले तेव्हा लॉवेलच्या अनेक कंपन्यांनी साठवलेला कापूस चढ्या भावाने विकला आणि गिरण्या बंद केल्या, हजारो कामगार रस्त्यावर आले. त्याच युद्धाने मुंबईत कापसाचा भाव आभाळाला भिडवला, समुद्र भरून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरांचा फुगा फुगवला आणि १८६५ मध्ये शांततेच्या बातमीबरोबर तो फोडला.

हे सारे आकड्यांत पाहायचे असेल तर जनगणनेच्या मूळ पानांकडे वळा. ती ऑनलाइन फुकट पाहता येतात. सुरुवात १८६० ने करा, १८५० ने नव्हे. १८५० मध्ये व्यवसाय फक्त १५ वर्षांवरच्या पुरुषांना विचारला होता, त्यामुळे गिरणीतल्या मुलींच्या नावापुढचा रकाना रिकामा दिसतो आणि नवखा विद्यार्थी त्यांना बेकार समजतो. १८६० मध्ये बायकांनाही विचारले. लॉवेलच्या पानांवर घरप्रमुख एक बाई आणि खाली वीस-पंचवीस तरुणी दिसल्या की ते बोर्डिंग हाऊस समजावे. मग उद्योगांचे तक्ते काढा: भांडवल, कापूस किती लागला, पुरुष किती, बायका किती, महिन्याची मजुरी. त्यानंतर मिसिसिपीतली एखादी कापूस पिकवणारी काउंटी निवडा आणि शेतीचा तक्ता पाहा. तिथे कापूस ४०० पौंडी गाठींत मोजलेला आहे. शेवटी त्याच काउंटीचा गुलामांचा तक्ता. त्यात मालकाचे नाव आहे. माणसांचे फक्त वय, लिंग आणि रंग. चारही तक्ते एका टेबलावर ठेवून वाचायला एक अख्खा दिवस द्या.

मजुरीचे मूळ कागद हवेत तर हॅमिल्टन कंपनीची वेतनपुस्तके हार्वर्डच्या बेकर लायब्ररीत आहेत. आधी मागणी नोंदवल्याशिवाय जाऊ नका. विणकर मुलींना नगावर पैसे मिळत आणि काही खात्यांत दिवसावर, म्हणून दोन ओळींची बेरीज करण्यापूर्वी खाते तपासा. नाहीतर सरासरी चुकते आणि सारा निष्कर्ष बिघडतो.

दुसरा दिवस हाताशी असेल तर नदीच्या खालच्या अंगाला लॉरेन्सला जा. दोन्ही गावे जवळ आहेत, पण रेल्वेमार्ग वेगळे, मध्ये बॉस्टनला यावे लागते. मोटारीनेच जाणे बरे. तिथे १९१२ च्या जानेवारीत कायद्याने बायका-मुलांचे तास ५६ वरून ५४ केले, मालकांनी तेवढाच पगार कापला आणि वीस हजारांहून अधिक कामगार, अनेक भाषा बोलणारे, रस्त्यावर उतरले. मार्चमध्ये संसदेच्या समितीपुढे कामगार मुलांनी साक्षी दिल्या. त्या साक्षी छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. कॅमेला टिओली या मुलीची साक्ष आधी वाचा. यंत्रात केस अडकून तिच्या डोक्याची कातडी निघाली होती.