कॅपिटल ऐकू येत नाही

धुळ्यात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी अकरा वर्षं कॉम्प्युटरसमोर बसतोय. माझ्या मॉनिटरच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली आहे. आधारची डाउनलोड केलेली पीडीएफ उघडायची तर नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटल, पुढे जन्माचं साल. इन्कम टॅक्सकडून आलेली पीडीएफ उघडायची तर पॅन नंबर स्मॉलमध्ये, पुढे जन्मतारीख. कार्डावर पॅन कॅपिटलमध्ये छापलेला असतो, तरीही इथे स्मॉलच. हे रोज करणारा माणूस मी, आणि भाचीच्या फॉर्मवर दोन दिवस अडकून पडलो.

भाची शहाद्याला असते. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी तिने मोबाईलवरून नोंदणी केली होती. कागदपत्रं अपलोड करायची वेळ आली तेव्हा ताईचा फोन आला, "तुझ्याकडे स्कॅनर आहे, तूच टाकून दे बाबा." कागद कुणीतरी धुळ्याला येणाऱ्याच्या हाती पाठवले. सोबत नोंदणीची पावती होती. तिच्यावर झाडून सगळं कॅपिटलमध्ये छापलेलं: नाव, पत्ता, ईमेल, युजरनेमसुद्धा.

मी पावतीवर होतं तसं टाकलं. 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा.' मग सगळं स्मॉलमध्ये टाकलं. तेच. दोनांपैकी नेमकं काय चुकलं ते ही मंडळी मुद्दाम सांगत नाहीत. असं नाव आपल्याकडे आहे की नाही हे चोराला कळू नये म्हणून. ते ठीक, पण इथे चोर नव्हता, मामा होता.

भाचीला फोन लावला. "स्पेलिंग सांग."

"जी, ए, यू, आर, आय, मग पी, मग झिरो सेव्हन."

"झिरो की ओ?"

"झिरो, मामा."

मी परत टाकलं. परत चुकीचं. पाच वेळा चुकल्यावर साइटने अर्धा तास थांबायला सांगितलं. तेवढ्यात लाइट गेली, इन्व्हर्टरवर पंखा तेवढा चालू राहिला.

आता माझा संशय ईमेलवर गेला. वाटलं, पावतीवर पत्ता कॅपिटलमध्ये आहे, तसाच साइटने साठवला असेल तर पोरीला मेल तरी जातोय का? खरं तर हा प्रश्न मला पडायलाच नको होता. नंदुरबारच्या एका मिरची व्यापाऱ्याच्या कार्डावर ईमेल ठसठशीत कॅपिटलमध्ये आहे आणि मी त्यांना वर्षानुवर्षं स्मॉलमध्ये टाइप करून मेल पाठवतोय, एकही परत आला नाही. तरी 'पासवर्ड विसरलात?' दाबलं, ईमेल मुद्दाम कॅपिटलमध्ये घातला. मिनिटभरात भाचीचा फोन, "मामा, लिंक आली." तिने नवा पासवर्ड ठेवला आणि मला सांगितला. सांगताना "यातला एम कॅपिटल आहे हं" असंही बजावलं. पासवर्डात कॅपिटल-स्मॉल वेगळं धरतात हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. युजरनेमबद्दल तिने काही बजावलं नाही, मीही विचारलं नाही.

नवा पासवर्ड टाकूनही दार बंदच. तिकडून ती म्हणते, "माझ्या मोबाईलवर तर उघडतंय!" इकडे मी म्हणतोय, उघडूच शकत नाही.

रात्री घरी बसून ईमेलचे नियम चाळले. गंमत अशी की कागदावरचा नियम आणि व्यवहार यांत अंतर आहे. ॲट चिन्हाच्या पुढचा भाग, म्हणजे जीमेल डॉट कॉम वगैरे, कसाही लिहा, फरक पडत नाही. चिन्हाच्या अलीकडचं नाव मात्र आलं तसंच, कॅपिटल-स्मॉल न बदलता पुढे पाठवायचं, असं जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या 1982 च्या नियमात आहे. 2008 च्या नियमातही नावातलं कॅपिटल-स्मॉल वेगळंच धरलंय, पण त्यावर कुणी विसंबू नये अशी सूचना आहे. जीमेल तर कॅपिटल-स्मॉल बघतच नाही, नावाच्या मधला टिंबही मोजत नाही. युजरनेमचं तसं नाही. तिथे साइट बनवणाऱ्याची मर्जी. विंडोजला लॉगिनच्या नावात फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. मशीनच्या लेखी मोठा जी म्हणजे 71 आणि छोटा जी म्हणजे 103. दोन्ही एकच समजायचे, हे कुणीतरी त्याला वेगळं सांगावं लागतं. या साइटवाल्यांनी ते सांगितलेलं नव्हतं.

पण हे वाचूनही माझी ट्यूब पेटली नाही. मी कॅपिटल टाकून बघितलं होतं, स्मॉल टाकून बघितलं होतं. तिसरं काय असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी वैतागून भाचीला म्हटलं, तुझ्या मोबाईलवर नाव टाइप कर आणि दाबायच्या आधी स्क्रीनशॉट पाठव. व्हॉट्सॲपवर फोटो आला. सगळी अक्षरं छोटी, आणि सगळ्यांच्या पुढे एकटा मोठा जी, गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसासारखा. पी पण छोटा. मी तसंच टाइप केलं आणि पान उघडलं.

झालं होतं असं. ईमेलच्या रकान्यात मोबाईलला कळतं की इथे ईमेल आहे. तिथे तो ॲट चिन्हाचं बटण पुढे आणतो आणि स्मॉलपासून सुरुवात करतो. युजरनेमचा रकाना त्याला साधा मजकूर वाटला, म्हणून वाक्याची सुरुवात समजून त्याने पहिलं अक्षर स्वतःहून मोठं केलं. पोरीने ते पाहिलंही नाही. त्यानंतर ती दर वेळी मोबाईलवरच टाइप करायची, मोबाईल दर वेळी जी मोठा करायचा, आणि तिचं दर वेळी उघडायचं. माझ्या कीबोर्डला ही सवय नाही.

पावतीवर सगळं कॅपिटल छापणाऱ्याचा मात्र मला अजून राग आहे. ज्या साइटला मोठा-छोटा जी वेगळा वाटतो, तिनेच पावतीवर तो फरक पुसून टाकावा?

ताईला फोनवर सगळं समजावून सांगितलं. ती एकदम अहिराणीत आली, "मोठं काय नि धाकलं काय, नाव ते तेच शे ना!" तिचंही चूक नाही. आपल्या अक्षरांत मोठं-धाकलं असतंच कुठे? ग मोठा काढला काय, बारीक काढला काय, तो गच. त्यामुळे फोनवर स्पेलिंग सांगताना आपल्या तोंडी ते येत नाही, आणि समोरच्याच्या कानीही पडत नाही. मग मीच म्हटलं, "अगं, आपल्याला पाचवीत पहिली लिपी, दुसरी लिपी शिकवायचे ना? जी पहिल्या लिपीतला होता, बाकी सगळी दुसऱ्या."

"मग असं सांग ना," ती म्हणाली.

दुपारपर्यंत कागदपत्रं चढली, फॉर्म सबमिट झाला. नवी पावती निघाली, पुन्हा सगळी कॅपिटलमध्ये. शहाद्याला पाठवण्याआधी मी तिच्यावर लाल पेनाने लिहिलं: जी पहिल्या लिपीत, बाकी दुसऱ्या.