भावी आमदार आणि शुभेच्छुक

आमच्या कोल्हापुरात साहेबांचा वाढदिवस जवळ आलेला कळायला कॅलेंडर लागत नाही. चौकातला सिग्नल दिसेनासा झाला की समजायचं.

फ्लेक्स मात्र सावकाश वाचावा. मधोमध साहेब, हात जोडलेले. वर महापुरुष, तिकिटाएवढे. खाली शुभेच्छुकांची दाटी: गॉगल, गळ्यात चेन, कानाला मोबाईल. कुणाचं डोकं केवढं, हे वर्गणीवर ठरतं. मजकुरात ‘विकासपुरुष’, ‘भावी आमदार’. नगरसेवकपदाला पडलेला माणूससुद्धा भावी आमदारच! ज्याचा फोटो राहून जातो तो आठवडाभर रुसतो.

आमच्या गल्लीतला एक पोरगा साहेबांचा खास. त्याला म्हटलं, “पाणी एक दिवसाआड येतंय, कानावर घाल की.” तर म्हणतो, “काका, वाढदिवसाच्या तोंडावर कशाला मूड घालवायचा त्यांचा?” वाढदिवस झाला, गणपती झाले, निवडणूक लागली. साहेबांच्या कानावर शेवटपर्यंत एकच गोष्ट गेली, ‘वारं आपलंच हाय.’ पडल्यावर ते विचारत होते म्हणे, “मला कुणी बोललं कसं नाही?” बोलणारे होते की, दारातल्या गर्दीनं त्यांना कधीच मागं सारलं होतं. पोरगा आता दुसऱ्या साहेबांकडं असतो. निष्ठा तीच, फक्त पत्ता बदललाय.

याच जिल्ह्यात माणगावला १९२० साली शाहू महाराजांनी परिषदेपुढं सांगितलं होतं, आंबेडकरांच्या रूपानं तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. त्याच आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं की धर्मातली भक्ती मोक्षाला नेत असेल, राजकारणातली मात्र अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते. आज फ्लेक्सच्या वरच्या रांगेत तेही असतात, तिकिटाएवढे.

हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात आम्ही असे पटाईत, पण तालमीत हे चालत नाही. खासबागेत समोर उभा असतो तो मल्ल काही शुभेच्छुक नसतो, हे वस्तादाला पक्कं ठाऊक. एकदा एक पठ्ठ्या कुस्ती मारून आला. दोस्तांनी खांद्यावर घेतलेला, अंगभर गुलाल. वस्तादांनी पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “मारलीस, बेस झालं. पण पट काढताना मान उघडी टाकलीस. त्यो कच्चा हुता म्हणून वाचलास. उद्या पहाटं ये.”