पावसाने दिलेली सुट्टी

रविवार, चवथीनंतरचा पहिला सराव

पाऊस ओसरला की बेसबॉल खेळणाऱ्या मुलांचे हात फेकायला शिवशिवायला लागतात. हाच काळ मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो आणि चेंडू पिशवीत. या सुट्टीची हळहळ वाटून घेऊ नये. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ नियमांतही लहान पिचरला (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याला) वर्षातून किमान ४ महिने फेकण्यापासून विश्रांती सांगितली आहे, त्यातले २-३ महिने सलग. गोव्यात ती पाऊसच देतो. म्हणून पावसाळ्यात हॉल गाठून जाळीत पिचिंग करून घेणं मला अजिबात पटत नाही. त्या दिवसांत पाय, कंबर, पोट आणि खांद्याची मागची बाजू बळकट करावी. फेकलेला हात थांबवायचं काम हीच मागची बाजू करते.

चवथीनंतर सुरुवात १४ मीटरवरून. आधी अंग घाम येईपर्यंत गरम करायचं, मग २५ हलके थ्रो, ५ मिनिटं थांबून पुन्हा २५. एक दिवस आड. हात दुखला नाही तरच १८ मीटर, पुढे २७. खरं पिचिंग त्यानंतर, तेही आधी फक्त फास्टबॉल, म्हणजे सरळ, वेगाचा चेंडू. घाई केली की स्नायू तयार नसताना सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. ११ ते १४ वयात तिथल्या हाडाची वाढ होणारी कूर्चा लिगामेंटपेक्षा (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यापेक्षा) कमजोर असते. मोठ्या माणसाचा लिगामेंट फाटतो, मुलाची ती कूर्चा ओढली जाते. ‘लिटल लीग एल्बो’ म्हणतात तो हाच.

सामन्यात ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच (फलंदाजाला टाकलेले चेंडू), १३-१४ ला ९५. पण मर्यादेइतकंच महत्त्व पुढच्या विश्रांतीला. १४ वर्षांपर्यंत २१ ते ३५ पिच झाले तर १ दिवस, ३६ ते ५० ला २, ५१ ते ६५ ला ३, आणि ६६ किंवा त्यापुढे ४ दिवस. मोजणी एकाच माणसाकडे, अंगठ्याने दाबायच्या काउंटरवर. आकडा भरायच्या आधीच कोपर खांद्याखाली यायला लागलं, चेंडू सारखे उंच जायला लागले किंवा मुलगा दोन पिचमध्ये हात झटकायला लागला, तर तिथेच बदलायचं.

या मोजणीत न येणारे थ्रो वेगळेच. शनिवारी कापणी झालेल्या शेतात टेनिस बॉलचं क्रिकेट, सीमारेषेवरून पूर्ण ताकदीने यष्टीकडे फेक, आणि रविवारी पिचिंग. हाताला खेळाचं नाव कळत नाही. सोमवारी हात दुखला तर मुलाला आधी क्रिकेटचं विचारावं. पिचिंग संपल्यावर त्याच दिवशी कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून बसवणंही तितकंच वाईट; कॅचरचे थ्रो कोणी मोजतच नाही.

आपल्या लाल मातीबद्दलही लिहून ठेवतो. ओल असताना पुढचा पाय पडतो तिथे खड्डा होतो. मग पाय उशिरा टेकतो किंवा घसरतो, छाती फलंदाजाकडे लवकर वळते आणि हात मागे राहतो. मुलाला ओरडून ‘कोपर वर’ सांगत बसण्याआधी खड्डा भरावा, पायाने घट्ट दाबावा. भिजलेला चेंडूही बाजूला ठेवावा. कातडं पाणी पितं, चेंडू जड होतो आणि निसटू नये म्हणून मुलं मूठ आवळतात.

आणि ‘दुखतं’ म्हटलं की एका बोटाने जागा दाखवायला सांगावं. मुलगा तळवा दंडावरून फिरवत असेल तर बहुधा स्नायू थकलेत. बोट कोपराच्या आतल्या उंचवट्यावर किंवा खांद्यालगत दंडाच्या वरच्या टोकावर नेमकं टेकलं, तर त्या क्षणापासून फेक बंद. स्प्रे नाही, गोळी नाही. दोन्हींनी दुखणं झाकलं जातं. हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावं आणि एक्स-रे दोन्ही हातांचा काढता येईल का ते विचारावं. वाढत्या वयात एका हाताचं चित्र एकटं वाचणं अवघड असतं.