टीडीएस 540, केएच शून्य

नेरुळमधल्या एका घरच्या मासेघरात रॅकवरच्या टाक्यांतले मासे पाणी बदलल्यामुळे मेले. बदललेल्या पाण्यात क्लोरीन नव्हता, खाण्याच्या सोड्याचं माप बरोबर होतं, पाणी दिवसभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून मुरवलेलं होतं. मे महिन्यात पाणीकपातीमुळे त्या टाक्यांचं पाणी बदललंच नव्हतं, फक्त आटलं तेवढं भरलं जात होतं, आणि तेव्हा मासे खात होते, भांडत होते, माद्या तोंडात अंडी धरत होत्या. कपात उठली, निगुतीने पाणी बदललं, आणि त्याच रात्री मासे वर येऊन तोंड मारायला लागले. अशा वेळी आपल्याकडे सगळे क्लोरीनच्या नावाने खडे फोडतात आणि खरं कारण तसंच राहतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मासेघर एका निवृत्त काकांचं. मागच्या खोलीत लोखंडी अँगलचा दोन थरांचा रॅक, वर चार आणि खाली चार अशा तीन बाय दीड बाय दीड फुटांच्या टाक्या, प्रत्येकीत साधारण 170 लिटर पाणी. हवा पुरवणारा एकच ब्लोअर, छतालगत फिरवलेला पीव्हीसी पाइप, दर टाकीला दोन स्पंज फिल्टर; त्या स्पंजमध्ये माशांचा अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात. मासे सगळे आफ्रिकेतल्या मलावी तलावातले म्बुना, म्हणजे खडकांत राहणारे: वर येलो लॅब आणि रस्टी, खाली डेमासोनी आणि आणखी येलो लॅब. ब्रीडिंगसाठी एका नरामागे तीन-चार माद्या हा हिशोब काकांनी व्यवस्थित पाळला होता. टाक्या स्वच्छ, काचा लखलखीत.

संध्याकाळी वरच्या दोन टाक्यांचं साठ टक्के पाणी त्यांनी बदललं. 200 लिटरच्या ड्रममध्ये हायपो (क्लोरीन मारणारे खडे), एप्सम (मॅग्नेशियमचं मीठ) आणि 50 ग्रॅम खाण्याचा सोडा. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं, आम्ल झेलण्याच्या ताकदीचं माप. 100 लिटरला 3 ग्रॅम सोडा घातला की केएच एक अंशाने वाढतो, म्हणजे ड्रममध्ये आठ अंशांची भर पडली. मलावीच्या माशांसाठी हे माप अगदी योग्य आहे. ड्रम रिकामा झाल्यावर दुसऱ्या दिवसासाठी तो पुन्हा भरून त्यात फक्त हायपो घातला होता. तो भरलेला ड्रम पुढे फार उपयोगी पडला.

रात्री फोन आला. "ताई, दोन्ही टाक्यांतले मासे वर आलेत. दुकानवाला म्हणतोय अजून हायपो टाका, निळं औषध टाका, मीठ टाका." मी त्यांना काहीही टाकू नका म्हटलं. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. अंड्यांवर बुरशी येऊ नये म्हणून ते वेगळ्या भांड्यात वापरतात. चालू टाकीत ओतलं की स्पंजमधले जिवाणू मारतं. फोनवरून, काहीही न मोजता, हे औषध सांगणाऱ्या दुकानदारांचा मला मनापासून राग आहे.

ठाण्याहून निघताना टेस्ट किट घेतलं आणि माझ्या चालू टाक्यांमधले दोन स्पंज. चालू स्पंज न्यायचा तर तो पाण्यात बुडवून, डबा घट्ट बंद करून नेऊ नये. पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि जिवाणू गुदमरतात. हलका निथळून, ओलाच, भरपूर हवा असलेल्या पिशवीत ठेवला तर ठाणे ते नेरुळ एवढा वेळ काही होत नाही. दुसऱ्याच्या मासेघरातला स्पंज रोगही घेऊन येतो, एरवी मी तो कधी देत नाही.

पहिली चाचणी क्लोरीनची. ओटीओचे, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारे थेंब टाकल्यावर नमुना जरासाही पिवळा झाला नाही. वरच्या दोन टाक्यांचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप; 7 च्या खाली आम्ल) 8.2, जसा हवा तसा. मग सहज, तुलनेसाठी म्हणून, खालच्या एका न बदललेल्या टाकीचं पाणी घेतलं. ते निळं व्हायला हवं होतं, ते पिवळंधम्मक झालं. पीएच 6, कदाचित त्याहून कमी, कारण त्या किटचा रंग त्याखाली बदलतच नाही. केएचच्या किटमध्ये पाणी आधी निळं होतं आणि जितक्या थेंबांनी पिवळं होईल तितके अंश मोजायचे. इथे निळं झालंच नाही, पहिल्याच थेंबाला नळीतलं पाणी पिवळं. काका शेजारीच उभे होते, त्यांनी खिशातून टीडीएस पेन काढून त्याच टाकीत बुडवलं. 540. "पाणी तर चांगलं जड आहे," ते म्हणाले.

सगळा घोटाळा इथेच आहे. घरोघरी आरओ आल्यापासून टीडीएस पेन प्रत्येकाच्या हाताशी असतं आणि मासे पाळणारे त्यालाच पाण्याची कुंडली समजतात. पेन फक्त पाणी वीज किती वाहून नेतं ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज दाखवतं. त्यातले कार्बोनेट किती आणि माशांच्या मलमूत्रातून साठलेलं नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. खुद्द मलावी तलावाचं पाणी या पेनवर 200 च्या आतच दाखवेल, पण त्याचा केएच 6 ते 8 आणि पीएच आठच्या आसपास असतो. काकांचं 540 नायट्रेट आणि साठलेल्या मिठांचं होतं.

नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्याला बरंचसं भातसेचं. सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून आलेलं पावसाचं पाणी, त्यात चुना फारसा नाही. माझ्या किटवर नळाचा केएच 2 ते 3 च्या वर क्वचितच जातो. इंटरनेटवर मलावीचे जे सल्ले वाचायला मिळतात ते बरेचसे चुनखडीच्या प्रदेशातल्या लोकांनी लिहिलेले असतात. त्यांच्या नळालाच केएच 12 येतो, ते पाणी बदलायला विसरले तरी पीएच हलत नाही.

केएच संपतो कसा, त्याचा अंदाजे हिशोब सांगते. स्पंजमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार करतात. एक मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च होते. एका टाकीत रोज 5 ग्रॅम खाणं पडत असेल, तर त्यातल्या प्रथिनांतून निघणारा अमोनिया दिवसाला साधारण दीड ग्रॅम क्षारता खाऊन टाकतो. 170 लिटर पाण्यात केएच 2 असेल तर साठा सहा ग्रॅमचा. म्हणजे चार दिवसांत खलास. सोडा घालून केएच 8 केला तरी दोन आठवड्यांच्या आसपास. काकांचं पाणी पूर्ण मे महिना बदललं गेलं नव्हतं.

केएच संपला की पीएच कोसळतो. सहाच्या खाली गेल्यावर जिवाणूंचं काम जवळपास थांबतं आणि अमोनिया साठायला लागतो. तरी मासे मरत नाहीत, कारण तेवढ्या आम्ल पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियम रूपात असतो आणि तो कल्ल्यांना फारसा त्रास देत नाही. 30 अंश तापमानाला पीएच 6 असताना एकूण अमोनियातला एक टक्क्याचा दहावा हिस्साही विषारी रूपात नसतो. 8.2 ला तोच हिस्सा दहा-अकरा टक्के होतो. सोड्याचं पाणी पडल्यावर टाकीत उरलेला अमोनिया काही मिनिटांत विष झाला. साठ टक्के पाणी काढूनही वरच्या टाक्यांत किट अमोनिया लिटरला 4 मिलीग्रॅम दाखवत होतं. त्याचे दहा टक्के म्हणजे लिटरला 0.4 मिलीग्रॅम. त्यात रात्रभर राहिलेला म्बुना वाचणं कठीण.

शंभर-शंभर लिटर पाणी बदलत बसायला पाणी नव्हतं, सोसायटीचं पाणी सकाळीच येणार. म्हणून टाकीतलं पाणी सुधारायचा नाद सोडला आणि मासेच उचलले. साठ-साठ लिटरचे तीन टब, ड्रममधलं हायपो घातलेलं साधं नळाचं पाणी, पीएच 7.4. त्यात सोडा मुद्दाम घातला नाही, कारण या पीएचला माशांनी नवा अमोनिया सोडला तरी त्यातला दोनेक टक्केच विषारी होतो. एरवी 8.2 वरून एकदम 7.4 ला मासा टाकू नये, पण इथे कल्ले आधीच लाल झाले होते. प्रत्येक टबात एअर स्टोन, त्यातल्या दोन टबांत माझे स्पंज. खाणं बंद.

दोन येलो लॅब माद्या तोंडात पिल्लं घेऊन होत्या. काकांच्या वहीत अंडी धरल्याची तारीख होती, तेरावा दिवस चालू होता. वहीत तारखा लिहिणारी माणसं या छंदात फार कमी. घाबरलेली मादी जाळीत गेली की पिल्लं थुंकते आणि ती जाळीच्या घडीत चिरडतात, म्हणून अशा मादीला नेहमी पाण्याखालीच मगाने पकडायचं. मग हात ओला करून तिला मुठीत अलगद धरायचं, डोकं खाली, तोंड वाडग्यातल्या पाण्याच्या लगेच वर. रंगाच्या मऊ ब्रशचं बोथट टोक खालच्या जबड्याला लावून तो हळूच खाली करायचा आणि तोंड क्षणभर पाण्यात बुडवायचं. पिल्लं एकेक करून बाहेर पडतात. शेवटचं एखादं गळ्याच्या पिशवीत अडकतं, तेव्हा जोर न लावता पुन्हा एकदा बुडवायचं. पहिलीच्या तोंडातून अठरा निघाली, डोळे आणि शेपटी तयार, पोटाखाली पिवळा बलक. दुसरीने मगातच थुंकली, त्यातली अकरा हलत होती. तेराव्या दिवशी पिल्लांना आईची गरज उरते ती सतत हलत्या, स्वच्छ पाण्यापुरती. प्लॅस्टिकच्या बाटलीचा टंबलर (हवेच्या झोताने पाणी हलतं ठेवणारं भांडं) करून हवा इतकी बारीक ठेवली की पिल्लं तळाशी नुसती डुलत राहतील. गरगर फिरली की बलक फुटतो. बलक संपेपर्यंत त्यांना खाणं नको, नंतर ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबीसारखी पिल्लं.

सकाळपर्यंत वरच्या दोन टाक्यांतल्या चाळीस माशांपैकी सतरा गेले. त्यांत बरेच मोठे नर.

आणि मग उरलेल्या सहा टाक्या. त्यातले मासे मजेत होते, आणि घरातल्यांचा आग्रह होता की आत्ताच्या आत्ता सगळं घाण पाणी फेकून द्या. तेच करायचं नव्हतं. क्रम उलटा हवा: आधी अमोनिया खाली, मग केएच वर. रोज दहा-पंधरा टक्के नुसतं नळाचं पाणी, सोडा बंद, खाणं दोन दिवसांतून एकदा चिमूटभर. नळाच्या पाण्यातल्या थोड्याशा केएचवर जिवाणू हळूहळू जागे होतात. अमोनिया अर्ध्या मिलीग्रॅमखाली आला की मग रोज 100 लिटरला 3 ग्रॅम सोडा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक वेळी पीएच, केएच आणि अमोनिया मोजून वहीत. काकांनी हे सगळं एक दिवस न चुकता केलं, आणि पाच टाक्यांत एकही मासा गेला नाही.

सहावी टाकी डेमासोनींची. टांझानियाच्या किनाऱ्याजवळच्या पोम्बो रॉक्सवरचा हा छोटा, काळ्या-निळ्या पट्ट्यांचा मासा आपल्याच जातीच्या जिवावर उठतो. त्याला बाराच्या वर, शक्यतो वीसच्या घोळक्यात ठेवायचं म्हणजे मार सगळ्यांत विभागला जातो. घोळका फोडून टबांत टाकला असता तर रात्रीतून तीन-चार फाटले असते, म्हणून ती टाकी मी जागच्या जागी ठेवली. चौथ्या दिवशी त्यातले तीन नर मेलेले मिळाले. पीएच तेव्हा 6.6, अमोनिया उतरत होता, आकडे मारणारे नव्हते. एकाचं कल्ल्याचं झाकण उचलून पाहिलं, तर कडा सुजलेल्या आणि वर चिकट थर. ही इजा त्या चार दिवसांतली की आम्ल पाण्यातल्या महिनाभराची, हे त्या कल्ल्यावरून मला ठरवता आलं नाही. घोळका फोडण्याचा धोका पत्करून त्यांना त्या रात्रीच हलवायला हवं होतं का, यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं.

याहून जास्त छळते ती एक गोष्ट. येलो लॅबच्या ज्या दोन माद्यांनी अंडी धरली होती, त्यांनी ती केएच शून्य असलेल्या पाण्यातच धरली होती. मासे ब्रीड करतायत म्हणजे पाणी उत्तम, असं आपण सगळे एकमेकांना सांगतो. मीही नव्यांना हीच खूण सांगत आले आहे, आता सांगत नाही.

नेरुळच्या प्रत्येक टाकीत आता जाळीच्या पिशवीत किलोभर शिंपले आहेत, तिसऱ्यांचे आणि कालवांचे, उकळून, मांस पूर्ण काढून, उन्हात वाळवलेले. दुकानात कुणी कोरलचे तुकडे देऊ केले तर घेऊ नका. कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि शिंपले तेच काम करतात. ते विरघळतात हळू, त्यामुळे भरलेल्या टाकीत एकट्या शिंपल्यांवर केएच टिकत नाही, सोडा लागतोच. वर शेवाळाचा थर चढला की विरघळणं जवळपास थांबतं, महिन्यातून एकदा पिशवी चोळून धुवावी लागते. केएच दर रविवारी, पाणी बदलायच्या आधी मोजायचा. 4 च्या खाली आला असेल तर त्या दिवशी मोठं पाणी बदलायचं नाही, आधी अमोनिया बघायचा.