'स्क्रॅच डिस्क फुल' येतंय? आधी क्रॉपचे आकडे बघा

फोटोशॉपने 'स्क्रॅच डिस्क फुल' म्हणून हात वर केले की बरेच जण सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकतात. तास-दोन तास जातात आणि मेसेज पुन्हा येतो, कारण दुखणं बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसतंच.

रॅम अपुरी पडली की फोटोशॉप उरलेला डेटा ड्राइव्हवर ठेवतं, ती जागा म्हणजे स्क्रॅच डिस्क. मुद्दाम बदललं नसेल तर ती विंडोज असलेल्या ड्राइव्हवरच असते. फाइल ८ एमबीची दिसते म्हणून फसू नका. ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो उघडला की ८ बिट रंगखोलीमध्ये त्याचा एक लेअर (थर) ७२ एमबी होतो आणि १६ बिटमध्ये १४४ एमबी. त्यावर हिस्ट्रीच्या, म्हणजे मागे जाता यावं म्हणून जपून ठेवलेल्या, ५० पायऱ्या. पूर्ण फोटोवर फिल्टर मारत गेलात तर जागा भराभर संपते.

ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही नेमकं क्रॉप करतानाच मेसेज आला, तर वरच्या पट्टीतलं क्रॉपच्या मापाचं एकक तपासा. १९२० × १०८० लिहिलंय, पण पुढे पिक्सेलऐवजी सेंटिमीटर आहे आणि रिझोल्युशन ३०० (इंचाला ३०० पिक्सेल). म्हणजे तुम्ही सुमारे २,२६,७७२ × १,२७,५५९ पिक्सेलचं चित्र मागताय. ते ८ बिटमध्येही जवळपास ८७ जीबी होतं! कुठला लॅपटॉप ते पेलणार? पट्टीतलं 'क्लिअर' दाबा, मग आकड्यापुढे 'पीएक्स' लिहून क्रॉप करा. ही चूक फार लोकांकडून होते, म्हणून तपासणी इथूनच सुरू करावी.

एकक बरोबर असेल तर जागेकडे वळा. फोटोशॉप मध्येच बंद पडलं की त्याच्या टेम्प (तात्पुरत्या) फाइल्स मागे राहतात, कधीकधी कित्येक जीबींच्या. फोटोशॉप पूर्ण बंद करा, मग टेम्प फोल्डरमध्ये आणि स्क्रॅच ड्राइव्हवर 'फोटोशॉप टेम्प' नावाने सुरू होणाऱ्या फाइल्स शोधून उडवा. चालू असताना हात लावू नका, त्यात उघडं काम असतं. जागेअभावी फोटोशॉप उघडतच नसेल तर सुरू करताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा (मॅकवर कमांड आणि ऑप्शन). स्क्रॅच डिस्क निवडायची चौकट येईल, तिथे मोकळा एसएसडी निवडा. पेनड्राइव्ह नको, काम रखडेल.

मेसेज नाही, नुसतंच हळू चालतंय? खालच्या स्टेटस बारमधल्या बाणावर क्लिक करून 'एफिशियन्सी' निवडा. काम करताना आकडा १००% वरच राहत असेल तर रॅम पुरतेय, नवी रॅम घेऊन फरक पडणार नाही. तो वारंवार खाली येत असेल तर प्रेफरन्सेस, परफॉर्मन्समध्ये हिस्ट्री ५० वरून २० करा. एडिट मेनूतलं 'पर्ज ऑल'ही मेमरी सोडवतं, पण हिस्ट्री कायमची जाते, तेव्हा आधी सेव्ह करा.

ब्रश अडखळतो, कॅनव्हासवर काळे चौकोन दिसतात, झूम केलं की स्क्रीन लुकलुकते, हा प्रकार बहुधा ग्राफिक्सचा. परफॉर्मन्समध्येच 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'ची खूण काढा आणि फोटोशॉप बंद करून उघडा. त्रास थांबला तर ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर) दोषी. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाका आणि खूण परत लावा, कारण कायमची काढून ठेवली तर काही फिल्टर चालत नाहीत. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या 'ग्राफिक्स'मध्ये फोटोशॉपला 'हाय परफॉर्मन्स' द्या. चार्जरही लावलेला असू द्या, बॅटरीवर लॅपटॉप वेग कमी करतो.

एवढं करूनही टूल्स वेड्यासारखी वागत असतील तर प्रेफरन्सेस रीसेट करा: सुरू करताना लगेच कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट एकत्र दाबून धरा आणि सेटिंग फाइल काढायला 'येस' म्हणा. त्याआधी स्वतः बनवलेल्या ॲक्शन्स (एका क्लिकवर चालणाऱ्या, रेकॉर्ड केलेल्या कृती) पॅनेलमधून 'सेव्ह ॲक्शन्स' करून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा.