एक एकर तेरा गुंठे

मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, म्हणून पानगळीच्या दिवसांत दर शुक्रवारी आम्ही ओहायोच्या थंडीत गारठलेल्या बाकांवर बसतो. खेळ अमेरिकन फुटबॉलचा, आमचा जीव मध्यंतरात अडकलेला. गेल्या वर्षी साताऱ्याहून नाना आले होते. त्यांना रजईत गुंडाळून नेलं. मैदान बघून पहिला प्रश्न, "हे रान किती?"

लांबी ३६० फूट, रुंदी १६०. मी मोबाइल काढेपर्यंत नाना ओठांतल्या ओठांत हिशेब करून मोकळे. "एक एकर तेरा गुंठे. किंचित कमीच."

दर ५ यार्डांवर आडवी पांढरी रेघ. आकडे दहापासून पन्नासपर्यंत चढतात आणि पुन्हा दहापर्यंत उतरतात, त्यामुळे मैदानात चाळीस दोन, तीसही दोन. कुणी "चाळिसावर" म्हणालं की कुणाच्या, ते विचारायचं. टोकांना १०-१० यार्डांचे एंड झोन, म्हणजे गुण मिळवायचे पट्टे. आमच्या चिरंजीवांना या रेघा खेळाडूंपेक्षा जास्त पाठ, कारण बँड चालतो तो आठ पावलांत पाच यार्ड या मापानं. मधल्या हॅश मार्कच्या, म्हणजे आखूड रेघांच्या, दोन रांगा शाळेच्या मैदानाचे रुंदीत तीन सारखे भाग करतात. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या लीगमध्ये, त्या इतक्या जवळ येतात की मध्ये साडेअठरा फूटच उरतात, गोलच्या दोन खांबांमध्ये असतात तेवढेच.

पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातले पंच पाच (एनएफएलमध्ये सात). पांढरी टोपी रेफरीची, बाकीच्यांच्या काळ्या. त्यातल्या एकाला अंपायर म्हणतात कळल्यावर नानांनी त्याच्याकडे आदरानं पाहिलं. तो रेफरीच्या हाताखाली असतो, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मग साखळी निघाली. चार प्रयत्नांत १० यार्ड सरकायचं. सरकलं की नाही अशी शंका आली की कडेची माणसं दोन काठ्यांना बांधलेली बरोबर १० यार्डांची साखळी घेऊन आत येतात. आत आणताना ती हलू नये म्हणून पाच यार्डांच्या एका रेघेशी जुळवून तिला आधीच चिमटा लावलेला असतो. बांधाच्या भांडणात अकरा वर्षं घालवलेले नाना रजईसकट उभे राहिले. चेंडू दोन बोटं कमी पडला.

तिसऱ्या क्वार्टरला बँडला सुट्टी असते. नातू गरम चॉकलेट घेऊन आला, तर नानांचा प्रश्न तयार. "चेंडू तिथं ठेवला कुणी?"

"पंचांनी, आजोबा. सगळे ढिगात पडतात ना, तेव्हा कडेचा पंच धावत येतो. चेंडू कुठं थांबला असं त्याला वाटतं, तिथं पाय रोवतो."

"म्हणजे नजरेनं?"

"नजरेनंच."

नाना खाली बसले. मी त्यांना २०१७ची गोष्ट सांगितली. डॅलस-ओकलंड सामन्यात जीन स्टेराटोर या रेफरीनं साखळी ताणल्यावरही समाधान न होऊन चेंडू आणि काठीच्या फटीत घडी घातलेला कागद सरकवून पाहिला होता. २०२५पासून एनएफएलमध्ये मोजायला कॅमेरे आलेत, चेंडू ठेवायला अजून माणूसच. "खुंटी अंदाजानं, फीत इंचात," नाना म्हणाले, "आमच्या मोजणीलाही हेच."

चौथ्या क्वार्टरला पुन्हा साखळी आत आली. सगळं स्टेडियम काठीकडे बघत होतं. नाना त्या पंचाच्या बुटाकडे.