सहीचे कोरे कागद

सर ऑपरेशनसाठी ओटीत जाताना म्हणाले होते, “अडलं तर ड्रॉवर बघ.” ड्रॉवरमध्ये लेटरहेडचे पाच-सहा कोरे कागद होते. खाली सरांची सही, नोंदणी क्रमांकाच्या शिक्क्यासकट.

मी फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालची प्रशिक्षित मदतनीस. चार वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. सोलापुरात निम्मे पेशंट मला सिस्टर म्हणतात, निम्मे डॉक्टर. दोन्ही नाही, हे सांगण्यातच माझा घसा बसतो.

समोर अशोक चौकाकडच्या अक्का बसल्या होत्या. विड्या वळणाऱ्या, वर्षभरापूर्वी हृदयाची झडप बदललेली. लघवीला जळजळ, दोन दिवस ताप. नवऱ्यानं जुनी चिठ्ठी पुढं केली, कोट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकची. “हीच लिहून द्या. मेडिकलवाला नव्या कागदाबिगर देईना.”

मेडिकलवाल्याचं बरोबरच होतं, गोळी शेड्यूल एचमधली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायची. चिठ्ठी ऑपरेशनच्या आधीची होती. मी अक्कांना पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. चष्म्याचं घर, तंबाखूची डबी आणि वॉरफरिनची, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळीची पट्टी. या दोन गोळ्या एकत्र पोटात गेल्या, तर रक्त नको इतकं पातळ होतं. कुठूनही रक्तस्राव होऊ शकतो.

“मग दुसरी लिहा की ओ!”

दुसरी कोणती, याचा अंदाज मला होता. सहीचा कागदही होता. ओटीत फोन लावला तर सिस्टर म्हणाली, अजून अर्धा तास.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९, कलम ३४: डॉक्टर म्हणून नोंदणी नसताना वैद्यकी केली, तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्यात आमच्या पेशाचं नाव आलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. औषध लिहून देण्याचा अधिकार त्यात नाही, हे पेढे संपल्यावर नीट वाचलं. शिवाय त्या कागदावर माझं नावच नव्हतं. काही बिनसलं असतं, तर सगळं सरांच्या नावावर.

“चार वर्षं शिकून एक गोळी लिहिता येईना?” नवरा चिडला. हे मात्र लागलं. ड्रॉवर बंद केला, ताप-बीपी मोजलं, पट्टीतल्या गोळ्या मोजल्या, सगळं केसपेपरवर उतरवलं.

सर चाळीस मिनिटांनी आले. केसपेपर वाचला, आधी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी) आणि लघवीची तपासणी सांगितली, रिपोर्ट बघून स्वतः औषध लिहिलं. मी ते कोरे कागद त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी घडी करून खिशात घातले. बोलले काहीच नाहीत.

“येते हं डॉक्टर,” अक्का दारातून म्हणाल्या. त्या रात्री मी दुरुस्ती केली नाही.